चौदसला भाजी बंद, बाटली चालू



परवा चौदस होती. आमच्या येरवड्यातल्या मंडळाचं सामायिक झालं आणि थंड पेयाची मोठी बाटली निघाली. मी नको म्हटलं, तर शेजारची म्हणाली, "घ्या हो काकू, यात हिरवं काही नाही." हिरवं नाही, कबूल. पण मग आहे काय?

कॉमर्स शिकून आयुष्यभर घराचाच जमाखर्च लिहिला, त्यामुळे बाटली हातात आली की मी मागचा तक्ता वाचते. 100 मिलीला साधारण साडेदहा ग्रॅम साखर. म्हणजे 300 मिलीत जवळजवळ 32 ग्रॅम, आठ चमचे! जागतिक आरोग्य संघटनेच्या मते अशी साखर दिवसाला 25 ग्रॅमच्या आत असलेली बरी. प्रथिनं शून्य, तंतू शून्य. याउलट पावशेर गवार घ्या, तंतू, कॅल्शियम, लोह सगळं जमेला. सरकारलाही फरक कळतो. ताज्या भाजीवर जीएसटी नाही, या बाटलीवर 40 टक्के.

"भाजीवर औषधं फवारतात, बाटली सीलबंद असते," हेही ऐकून घेतलं. अहो, 2003 मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने शीतपेयांतच कीटकनाशकांचे अंश दाखवले होते. शरद पवारांच्या अध्यक्षतेखाली संसदेची समिती बसली आणि 2004 च्या अहवालात तिने ते मान्य केलं. भाजी निदान चार पाण्यांनी धुता येते. बाटलीतलं कसं धुणार?

तिथीला हिरवी भाजी सोडू नका, असं मी म्हणत नाही. मीही लग्नापासून सोडते. पण त्याग आसक्तीचा असतो ना? दुधीवर कुणाची आसक्ती असते हो? माझ्या नातवाला भाजी बंद म्हटलं की आनंदच होतो, बाटली बंद म्हटलं की रडारड. सोडायचं काय ते तिथेच कळतं. आणि घरी पाणी उकळून पिणाऱ्या आपण, बाटलीतलं पाणी कुणी उकळलं ते विचारतसुद्धा नाही.

पुढच्या चौदसची पाळी माझ्याकडे आहे. जिरं घातलेलं ताक आणि ज्वारीच्या लाह्यांचा चिवडा करणार आहे. चिवड्यात डाळं नसेल, द्विदलाचं माझ्या लक्षात आहे.