गोंगाटात घोकलेला निबंध

वाशिमहून हिंगोलीकडे जाताना जेथे विदर्भ संपतो आणि मराठवाडा सुरू होतो, त्या हद्दीवर कनेरगाव नाका हे गाव आहे. एका संध्याकाळी तेथे आम्हांस काही वेळ थांबावे लागले. चहाच्या टपरीपाशी बाकावर दहावीचा एक विद्यार्थी इंग्रजीचे गाईड मांडीवर घेऊन निबंध घोकीत बसला होता. विषय होता ध्वनिप्रदूषण. समोरून मालट्रक भोंगे वाजवीत जात होते. टपरीत गाणे लागले होते. शेजारी बसलेले एक प्रौढ गृहस्थ मोबाइलवर मोठ्या आवाजात चित्रफिती पाहण्यात गढून गेले होते. स्वतःचाच आवाज ऐकू येईना तेव्हा त्या मुलाने दोन्ही कानांत बोटे घातली आणि ध्वनिप्रदूषणाचे दुष्परिणाम पुन्हा पहिल्यापासून म्हणावयास सुरुवात केली.

आम्ही त्याला विचारले, ‘बाळ, या नाक्यावर आत्ता कोणकोणते आवाज येत आहेत, ते इंग्रजीत सांगशील का?’ तो गोंधळला. मग म्हणाला, ‘ते गाईडात नाही.’

वाचकहो, हे उत्तर त्या मुलाचे नाही. ते आपण त्याला दिलेले आहे.

महाराष्ट्रात 2000 सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी शिकविले जाते. गोंगाट आणि मोबाइलचे व्यसन हे आता या विषयाच्या निबंधांचे आणि भाषणांचे नेहमीचे विषय होऊन बसले आहेत. विषय वाईट आहेत असे आमचे म्हणणे नाही. उलट, मुलाच्या रोजच्या जगण्यातून आलेला याहून चांगला विषय सापडणे कठीण. परंतु आपण त्याला त्या जगण्याकडे पाहू देत नाही. कारणे, परिणाम, उपाय अशा तीन परिच्छेदांत आपण त्याला तयार वाक्ये पुरवितो, आणि हिंगोलीचा मुलगा व वसईचा मुलगा एकच गोंगाट लिहून मोकळे होतात. ज्या वाक्यांमागे कान नाहीत आणि डोळेही नाहीत, ती वाक्ये पाठ करणे म्हणजे भाषा शिकणे नव्हे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

यात आणखी एक अन्याय दडलेला आहे. ज्या गोंगाटाचा निषेध आपण मुलाकडून लिहून घेतो, तोच त्याचे शिक्षण हिरावून घेत असतो. 1975 साली न्यूयॉर्कमधील एका शाळेची पाहणी प्रसिद्ध झाली. या शाळेच्या एका बाजूने उन्नत रेल्वेमार्ग जात होता. आर्लिन ब्रॉन्झाफ्ट आणि त्यांच्या सहकाऱ्याला असे आढळले की, रुळांच्या बाजूच्या वर्गांतील मुले सहावीपर्यंत वाचनात शांत बाजूच्या मुलांपेक्षा जवळजवळ वर्षभर मागे पडत होती. पुढे रुळांखाली रबरी गाद्या बसविल्या, वर्गांना आवाज शोषणारी छते लावली, आणि 1981 मध्ये पुन्हा पाहणी झाली तेव्हा ही तफावत उरली नव्हती. मुले तशीच होती, केवळ आवाज कमी झाला होता.

परकी भाषा शिकणाऱ्याचे नुकसान तर याहून अधिक. मातृभाषेत अर्धा शब्द कानी पडला तरी उरलेला आपण मनाने भरून काढतो. इंग्रजीत नवखे मूल ते करू शकत नाही. जहाज आणि मेंढी यांसाठीच्या इंग्रजी शब्दांत फरक आहे तो एका स्वराचा. अनेकवचनाचा शेवटचा ‘स’ तर एका भोंग्यात बुडून जातो. मग आपण म्हणतो, खेड्यातल्या मुलाचे इंग्रजी कच्चे!

जागतिक आरोग्य संघटनेने 1999 मध्ये असे सुचविले की, शिकविणे चालू असताना वर्गातील इतर आवाज 35 डेसिबलच्या वर नसावा. आपल्या देशात 2000 साली ध्वनिप्रदूषणाचे नियम झाले. शाळा, रुग्णालये, न्यायालये यांच्याभोवती शंभर मीटरचे शांतता क्षेत्र आणि तेथे दिवसा 50 डेसिबलची मर्यादा त्यांत आली. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपकास बंदी झाली. पुढे 2017 च्या दुरुस्तीने ठरले की, राज्य शासनाने तसे घोषित केल्याखेरीज कोणताही परिसर शांतता क्षेत्र नव्हे. म्हणजे शाळेभोवतीची शांतताही आता सरकारी कागदाची वाट पाहणार!

येथे आम्ही ख्रिस्ती वाचकांना एक आठवण करून देऊ इच्छितो. प्रार्थनेसाठी ध्वनिक्षेपक हवाच, हा दावा सर्वोच्च न्यायालयाने 30 ऑगस्ट 2000 रोजी ज्या खटल्यात फेटाळला, त्यात दाद मागणारी संस्था चेन्नईतील एक चर्च होती. दुसऱ्यांची शांतता भंग करून प्रार्थना करावी असे कोणताही धर्म सांगत नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. तेव्हा दुसऱ्यांच्या मिरवणुकांकडे बोट दाखविण्यापूर्वी आपल्या सणांचे कर्णे आणि आपल्या लग्नांच्या वराती आपण ऐकाव्यात. परीक्षेच्या दिवसांत त्या वरातीच्या वाटेवरच्या घरात कुणीतरी मूल पुस्तक उघडून बसलेले असते.

मोबाइलच्या व्यसनाचेही असेच आहे. 2020 च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा आपणच मुलांच्या हाती मोबाइल देऊन ‘हीच तुझी शाळा’ असे सांगितले. आता त्याच मुलांकडून आपण त्या यंत्राविरुद्ध परक्या भाषेत आरोपपत्र लिहून घेतो, आणि ते तपासणाऱ्याच्या खिशातही तेच यंत्र वाजत असते. 2022 च्या नोव्हेंबरात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातील बान्सी या गावच्या ग्रामसभेने अठरा वर्षांखालील मुलांना मोबाइल वापरण्यास बंदी केली. हेतूविषयी आम्हांस शंका नाही, पण बंदी फक्त मुलांवर आली. त्याच वर्षी 15 ऑगस्टपासून सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे सायंकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजू लागला आणि दीड तास घरोघरचे टीव्ही व मोबाइल बंद राहू लागले, थोरांचेही. आम्हांस हा दुसरा मार्ग अधिक प्रामाणिक वाटतो. भोंग्यानेच शांततेची वर्दी द्यावी, हेही त्यात विशेष!

कोणी म्हणेल, शिक्षकांच्या हाती काय आहे? परीक्षा तशी, वर्गात मुले फार, आणि तयार निबंधाने निदान मूल उत्तीर्ण तरी होते. ही अडचण खरी आहे, आम्ही ती नाकारीत नाही. परंतु आठवड्यातून एक तास मुलांना शाळेच्या फाटकाशी उभे करून, ऐकू येणारे पाच आवाज पाच साध्या इंग्रजी वाक्यांत लिहावयास सांगण्यास कोणत्या मंडळाची परवानगी लागते? वाक्ये चुकतील, चुकू द्यावीत. ‘ट्रक मोठ्याने ओरडतो, मला बाईंचे ऐकू येत नाही’ एवढे मोडके वाक्य गाईडातील तीन परिच्छेदांहून मोलाचे आहे, कारण ते खरे आहे आणि त्या मुलाचे आहे.

मात्र असे वाक्य मुलाने लिहिले की ते वाचण्याची जबाबदारी आपल्यावर येते. त्यात ट्रकचा भोंगा असेल, आपल्या घरचा टीव्ही असेल, बापाच्या हातातला मोबाइल असेल, कदाचित आपल्या देवळाचा कर्णाही असेल. अशा उत्तराला दहापैकी किती गुण द्यावेत, याचा विचार परीक्षकांनी सावकाश करावा. आपण मात्र त्या मुलाला कानांतली बोटे काढता येतील, एवढे आजच करावे.