अल्बम काढायचा की कीबोर्ड घ्यायचा?



मागच्या व्हिडिओत मी एक वाक्य ठासून बोललो होतो. "कलाकाराने आधी धंदा शिकावा, कला नंतर." कमेंटमध्ये बऱ्याच जणांनी "एक नंबर सर" लिहिलं. पण ज्या माणसावरून ते वाक्य सुचलं, त्याला मी चुकीचा सल्ला दिला होता, हे मला नंतर कळलं. म्हणून आजचा ब्लॉग. ते वाक्य मी अर्धं मागे घेतो आहे. कोणतं अर्धं, ते शेवटपर्यंत वाचलं तर समजेल.

तर झालं असं. आपलं दुकान इलेक्ट्रिकलचं, मूलमध्ये. दिवाळी झाली की माझ्याकडे एक वेगळं गिऱ्हाईक सुरू होतं. वायर, अडॅप्टर, एक्स्टेन्शन बोर्ड, माइकच्या पिना नेणारी मंडळी. ही झाडीपट्टी नाटकांची माणसं. धान घरात आलं की गावोगावी मंडई, शंकरपट आणि त्यासोबत नाटक. होळीच्या आसपासपर्यंत हा सीझन चालतो. वडसा म्हणजे देसाईगंज, तिथे नाटक कंपन्यांची ऑफिसं. रात्री सुरू झालेलं नाटक पहाटेच संपतं आणि संगीत सगळं जिवंत, स्टेजजवळ बसून वाजवलेलं.

त्यातले एक दादा कीबोर्ड वाजवतात. दरवर्षी येतात. यंदा सीझन संपल्यावर आले आणि काउंटरवर हात ठेवून म्हणाले, "भाऊ, अल्बम काढतो म्हणतो. माझ्या सोताच्या चाली हायेत. चाळीस हजार लागते. तुमाले का वाटते?"

मी ट्रेनर ना! लगेच कॅल्क्युलेटर काढला. "एका नाईटचे किती मिळतात?"

"पंधराशे."

"म्हणजे चाळीस हजार म्हणजे सत्तावीस नाईट झाल्या, दादा. सत्तावीस रात्रींचं जागरण एका अल्बममध्ये घालणार? त्यापेक्षा नवा कीबोर्ड घ्या. तो कमवून देईल."

दादा हसले, अडॅप्टर घेतलं आणि गेले. मला वाटलं, काय सल्ला दिला आपण!

मग मुलाखती ऐकल्या

दुपारी दोन ते चार दुकानात गिऱ्हाईक कमी. त्या वेळात मी मोबाईलवर मुलाखती ऐकतो, बहुतेक धंदेवाल्यांच्या. पण दादा गेल्यावर डोक्यात तेच घोळत होतं, म्हणून संगीतवाल्यांच्या ऐकायला लागलो. एकातून दुसरी निघत निघत जॅझवाल्यांपर्यंत पोचलो. मूलमध्ये जॅझ कोण ऐकतं, असं तुम्ही म्हणाल. मीही ऐकत नव्हतो. पण जॅझचं कामकाज समजून घेतलं आणि मला थेट झाडीपट्टी आठवली. आधी एक ठरलेली चाल सगळे मिळून वाजवतात. मग एकेक जण त्या चालीच्या चौकटीत स्वतःचं, त्या क्षणी सुचेल ते वाजवतो. बाकीचे त्याला सांभाळतात. शेवटी सगळे परत मूळ चालीवर येतात. आपले दादाही तेच करतात. नट संवाद विसरला, एन्ट्री लांबली, तर कीबोर्डवाल्याने ती दोन मिनिटं भरून काढायची. आधी सांगायला कोणी येत नाही.

या मुलाखतींमध्ये एक गोष्ट मला खटकली. विचारणारा नेहमी एकच विचारतो, "नवा अल्बम कसा सुचला?" घर कसं चाललं, हे कोणी विचारत नाही. विचारलं तर जणू कलाकाराचा अपमान होईल. माझं मत उलट आहे. तो प्रश्न न विचारणं हा अपमान आहे. कारण त्या उत्तरात खरी हुशारी असते, आणि तीच दडून राहते.

आता चार माणसं बघू. चौघांचंही काम जॅझच्या जवळचं, आणि चौघांतूनही आपल्याला शिकण्यासारखं.

पहिला: दोन गल्ल्यांचा माणूस

लुई बँक्स. दार्जिलिंगला जन्म, कोलकात्याच्या पार्क स्ट्रीटवर 'ब्लू फॉक्स' रेस्टॉरंटमध्ये पियानो वाजवून नाव केलं, मग मुंबईला आले. भारतातल्या जॅझचं नाव घेतलं की त्यांचं नाव येतंच. १९८८ साली दूरदर्शनवर 'मिले सुर मेरा तुम्हारा' आलं, त्यामागे अशोक पत्कींबरोबर लुई बँक्स यांचाही हात होता. २००८ मध्ये 'माइल्स फ्रॉम इंडिया' हा अल्बम ग्रॅमीच्या नामांकनापर्यंत गेला, त्यातही ते होते. पण या माणसाने जाहिरातींच्या जिंगलही भरपूर केल्या. लोकांना वाटतं, अरे, एवढा मोठा कलाकार आणि साबण-टूथपेस्टची गाणी! मला वाटतं, त्या जिंगलमुळेच त्यांच्या जॅझला गिऱ्हाइकापुढे वाकावं लागलं नसणार. एक गल्ला घर चालवतो, म्हणून दुसऱ्या गल्ल्याला स्वतःच्या मनासारखं वागता येतं. आपल्याकडेही किराणावाला रोजच्या तेल-साखरेवर दुकान चालवतो आणि हौसेचा माल एका कप्प्यात ठेवतो. फरक एवढाच, की कोणता गल्ला कशासाठी आहे ते त्याला पाठ पाहिजे.

दुसरा: नाव सगळ्यांना माहीत, माणूस कोणालाच नाही

अँथनी गोन्साल्विस हे नाव तुम्ही ऐकलंय. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'तल्या गाण्यामुळे पोराटोरांना माहीत आहे. पण हा खरा माणूस होता, हे किती जणांना ठाऊक? गोव्यातल्या माजोर्ड्याचे व्हायोलिनवादक. मुंबईच्या सिनेमा ऑर्केस्ट्रात अरेंजर. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतल्या प्यारेलालजींचे गुरू. त्या गाण्यातलं नाव म्हणजे शिष्याने गुरूला केलेला नमस्कार. १९५८ मध्ये त्यांनी हिंदुस्थानी राग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद एकत्र आणून स्वतःचा ऑर्केस्ट्रा उभा केला. त्यात लता मंगेशकर आणि मन्ना डे गायले. १९६५ च्या सुमारास ते अमेरिकेला गेले, पुढे गोव्यात परतले आणि २०१२ मध्ये गेले.

त्या काळी असे कितीतरी गोवेकर होते. चर्चच्या शाळेत लहानपणी नोटेशन वाचायला शिकलेले, रात्री हॉटेलात जॅझ आणि दिवसा सिनेमाच्या स्टुडिओत रेकॉर्डिंग. संगीतकाराने चाल गुणगुणायची, आणि पन्नास वाजवणाऱ्यांनी काय वाजवायचं ते यांनी कागदावर उतरवायचं. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांमागे सेबॅस्टियन डिसोझा होते. पैसे मिळायचे ते त्या दिवसाच्या रेकॉर्डिंगचे. गाणं पुढे पन्नास वर्षं वाजलं तरी त्याचा हिशेब यांच्या दारी आला नाही. पडद्यावर नाव आलं तर 'सहायक' म्हणून, नाहीतर तेही नाही.

मित्रांनो, हे वाचताना मला दादा आठवले. त्यांच्या चाली सीझनभर वाजतात. पोस्टरवर नटांचे फोटो असतात, दादांचं नाव नसतं.

तिसरा: मजुरीतून स्वतःचा माल

फ्रँक फर्नांड, ट्रम्पेट वाजवणारे. मुंबईत हेच सिनेमाचं काम केलं. पण त्यांनी पुढे 'आमचें नशीब' (१९६३) आणि 'निर्मोण' (१९६६) या कोकणी सिनेमांची निर्मिती केली. म्हणजे दुसऱ्याच्या कारखान्यात काम करत असतानाच स्वतःच्या भाषेत, स्वतःच्या नावाचा माल काढला. बाजार छोटा होता, पण तो त्यांचा होता. कोकणी माणसाने ते नाव धरून ठेवलं.

चौथी: बऱ्याच वर्षांनी उघडलेलं दुकान

लोर्ना कोर्देरो. कोकणी गाण्याचा राजेशाही आवाज. ख्रिस पेरी यांच्या बँडबरोबर, जॅझच्या ढंगात. सत्तरच्या दशकात हा आवाज थांबला तो जवळपास दोन तपं. १९९५ मध्ये रॉनी मोन्सेराते यांच्या प्रयत्नाने त्या नवा अल्बम घेऊन परत आल्या, आणि गोव्याने त्यांना डोक्यावर घेतलं. आता विचार करा. आपण महिनाभर शटर बंद ठेवलं तर गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जातं. इथे वीस-बावीस वर्षांनी गिऱ्हाईक तिथेच उभं. कशामुळे? कारण जुन्या रेकॉर्ड घराघरात वाजत होत्या. दुकान बंद होतं, पण माल फिरत होता, आणि मालावर नाव होतं.

इथे माझी चूक मला कळली. मी दादांना फक्त 'अल्बम किती कमवेल' एवढंच मोजून दिलं. अल्बम मालासारखा विकायला बसलात तर आज तोटाच आहे. कॅसेटचा जमाना गेला. स्पॉटिफायसारख्या ठिकाणी २०२४ पासून तर नियमच आहे, की बारा महिन्यांत एका गाण्याला किमान हजार वेळा ऐकणारे मिळाले नाहीत तर त्याचे पैसेच सुरू होत नाहीत. तेव्हा चाळीस हजार उचलून अल्बममध्ये टाकू नका, हे मी बरोबर बोललो. पण 'कीबोर्डच घ्या' हे चुकलं. नवा कीबोर्ड त्यांना आणखी चांगला मजूर करेल. नाव देणार नाही. एखाद्या वर्षी नाईट कमी लागल्या किंवा बोटं थकली, तर कीबोर्ड जुन्या भावात विकावा लागेल. स्वतःच्या चाली रेकॉर्ड झालेल्या असतील तर त्या राहतील.

मग करायचं काय?

मी दादांना परत बोलावलं. चहा घेतला आणि कागदावर चार ओळी लिहिल्या. तुमच्याही कामाच्या आहेत.

एक. दहा गाणी नाही, तीन. चाळीस हजार नाही, बारा हजार. म्हणजे आठ नाईट. चाली सगळ्या स्वतःच्या. दुसऱ्याच्या चालीवर काढायचं तर परवानगी लागते, त्या भानगडीत पडायचं नाही.

दोन. हा अल्बम म्हणजे व्हिजिटिंग कार्ड. सीझन होळीला संपतो, पुढे लग्नसराई आहे, गणपती-दुर्गा आहेत. गाण्याची लिंक मंडळवाल्यांना, मंडपवाल्यांना पाठवायची. यातून वर्षात आठ जादा कार्यक्रम मिळाले तर पैसे वसूल. तेवढंच मोजायचं. लाइक मोजायचे नाहीत.

तीन. एका पानावर लिहून ठेवायचं: चाल कोणाची, शब्द कोणाचे, वाजवलं कोणी. तिघांच्या सह्या. आपल्याकडे "आपलेच तर आहेत" म्हणून कोणी लिहीत नाही, आणि मग आपलेच भांडतात. २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. अशा रेकॉर्डिंगसाठी गीतकार-संगीतकाराने हक्क दिले, तरी रॉयल्टीतला आपला वाटा तो कोणालाही लिहून देऊ शकत नाही. फक्त वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला देता येतो. ही सोय त्या गोवेकरांच्या वेळी नव्हती. तुमच्या वेळी आहे, तर वापरा.

चार. पोस्टरवर नाव. पुढच्या सीझनची बोलणी करताना पन्नास रुपये कमी घ्या हवं तर, पण 'संगीत' या शब्दापुढे नाव छापून घ्या.

दादांनी कागद दोनदा वाचला. म्हणाले, "पन्नास रुपये काहून कमी घेऊ, भाऊ? नाव पण पायजे अन् पैसे पण."

मी गप्प. बरोबर होतं त्यांचं. ती ओळ खोडली.

तर मित्रांनो, "आधी धंदा, मग कला" यातलं 'आधी-मग' मी मागे घेतो. धंदा शिकायचाच, पण कला थांबवून नाही. आणि हे फक्त वाजवणाऱ्यांसाठी नाही. तुमच्यापैकी कोणी दुसऱ्याच्या दुकानात शिवण करतं, कोणी दुसऱ्याच्या लेबलखाली लोणचं-पापड भरून देतं, कोणी फर्निचर बनवतं आणि शोरूमवाला ते स्वतःचं म्हणून विकतो. मजुरी घ्या, ती घर चालवते, लाज कसली? पण त्या मजुरीतून दरवर्षी एक तरी वस्तू अशी काढा, जिच्यावर तुमचं नाव असेल. लहान असू द्या. परवडेल तेवढीच.

आणि तुमच्या घरात कोणी वाजवणारं पोरगं असेल, तर त्याला "यात काय ठेवलंय" म्हणू नका. मीही तेच म्हणालो होतो, फक्त कॅल्क्युलेटर घेऊन. त्याच्याशेजारी बसा आणि हिशेब विचारा. किती नाईट, किती पैसे, नाव कुठे छापतात. त्याला या प्रश्नांचा राग येणार नाही. आजवर कोणी विचारलेच नसतील, एवढंच.

दादांचं पहिलं गाणं रेकॉर्ड झालंय. बाकी दोन धान रोवणी आटोपल्यावर. आठ कार्यक्रम मिळाले की नाही, ते पुढच्या होळीला इथेच सांगतो. मिळाले नाहीत तरी सांगतो.

तोवर कमेंटमध्ये एकच गोष्ट लिहा: तुमच्या हातचं असं कोणतं काम आहे, ज्यावर आज दुसऱ्याचं नाव आहे?

भेटू पुढच्या रविवारी.