सहल घरच्यांची, सुट्टी कुणाची?



दिवाळीचा फराळ संपत आला की आमच्या भागात कोकण सहलींचा हंगाम सुरू होतो. चिखली, जाधववाडी, मोशी इथल्या चौकाचौकांत फलक लागतात. सोसायटीच्या फाटकापाशी पत्रकं वाटली जातात. ‘फॅमिली कोकण स्पेशल’, ‘तीन रात्री चार दिवस’, ‘घरगुती जेवण’. चिखलीतल्या एका बचत गटाच्या बायकांनी अशी चार पत्रकं माझ्यापुढे ठेवली आणि विचारलं, ‘‘ताई, यांतली कोणती कंपनी चांगली?’’

यावर संपादकीय लिहायचं म्हटल्यावर आमच्याच गटातली एक कार्यकर्ती म्हणाली, ‘‘हिंसा, रोजगार, रेशन एवढे प्रश्न समोर असताना सहल?’’ तिचं म्हणणं मी समजू शकते. पण बाईच्या विश्रांतीचा प्रश्न आपण नेहमीच ‘नंतर बघू’ या कप्प्यात टाकत आलो. कामाचे तास, समान वेतन यांवर आपण मोर्चे काढले. सुट्टीबद्दल मात्र फारसं बोललो नाही. ज्या कामाला पगारच नाही, त्या कामाला सुट्टी तरी कुठून असणार?

आधी चिखलीचं थोडं सांगते. १९९७ साली हे गाव पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलं. देहू आणि आळंदी दोन्ही हाकेच्या अंतरावर. त्यामुळे इथल्या जुन्या बायकांचं फिरणं म्हणजे वारी, बीज, कार्तिकी एकादशी आणि माहेर. आता इथे मराठवाडा, विदर्भ, खानदेशातून कामासाठी आलेली हजारो कुटुंबं राहतात. त्यांतल्या कित्येकींनी समुद्र अजून पाहिलेला नाही. या पट्ट्यातल्या बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी आणि मुलांच्या शाळेची रविवारी. सगळं घर एका दिवशी मोकळं सापडणंच मुश्किल. बाई कंत्राटी कामावर असेल तर सहलीचे चार दिवस म्हणजे चार खाडे, म्हणजे चार दिवसांची मजुरी गेली. एवढं करून, भिशीचे पैसे साठवून ती समुद्र पाहायला निघते, तेव्हा तिच्या वाट्याला काय येतं हे बघायलाच हवं.

घरात सहल ठरते ती बहुधा दरावरून. एक कंपनी माणशी अमुक मागते, दुसरी तमुक. मग कुणीतरी म्हणतं, कंपनी कशाला? भाड्याची गाडी करू, स्वयंपाकघर असलेली खोली घेऊ, निम्म्यात काम होईल. हिशेब बरोबर वाटतो. पण तो निम्मा खर्च वाचतो कुठून? पीठ, मसाला, गॅसची शेगडी, मुलांची औषधं बांधून नेणारी, सकाळी सगळ्यांच्या आधी उठून चहा-पोहे करणारी, दुपारी मासे साफ करून रांधणारी आणि सगळे संध्याकाळी किनाऱ्यावर गेल्यावर भांडी घासणारी एक बाई त्या गाडीत असते. तिच्या कामाची किंमत शून्य धरली की सहल स्वस्त पडते. घरातून निघून ती समुद्राकाठच्या दुसऱ्या स्वयंपाकघरात पोचते, एवढंच. परत आल्यावर धुण्याचा ढीग असतो आणि वर ‘तुला कोकण दाखवलं’ हा उपकारही असतो. आपल्या बोलण्यातही बघा, पुरुष सहलीला ‘जातो’ आणि बाईला सहलीला ‘नेतात’.

म्हणूनच माझं पहिलं मत सरळ कंपनीच्या बाजूने आहे. ठरलेल्या वेळी ताट समोर येतं, बसायला जागा असते, चादरी बदलायला दुसरं कुणी असतं, यासाठी चार पैसे जास्त मोजावे लागले तर ते बाईच्या सुट्टीचे पैसे आहेत. मराठी माणसाला फिरवणाऱ्या कंपन्यांना हे फार आधी कळलं. नाशिकच्या चौधरी यात्रा कंपनीपासून १९८४ साली सुरू झालेल्या केसरीपर्यंत अनेकांनी आपल्या माणसाला आपलं जेवण आणि आपली भाषा पुरवून धंदा वाढवला. पुढे केसरीने केवळ बायकांच्या सहली काढल्या. २०१३ मध्ये वीणा पाटील यांनी वीणा वर्ल्ड सुरू केली, त्यातही ‘वुमन्स स्पेशल’ सहली आल्या. त्यांना मिळालेला प्रतिसाद बरंच काही सांगतो. कुणाची आई, बायको, सून न होता चार दिवस राहता यावं म्हणून बायका पैसे मोजायला तयार आहेत. अर्थात ज्यांच्या हातात पैसा आहे, त्याच. चिखलीच्या माझ्या मैत्रिणींना नवरा, सासू आणि मुलांसकटच जायचं आहे, आणि तरीही त्यांना सुट्टी हवी आहे. ही मागणी मला अधिक अवघड आणि अधिक महत्त्वाची वाटते.

मग ती चार पत्रकं आम्ही मिळून वाचली. ‘सी-व्ह्यू रूम’, ‘डीजे नाईट’ हे ठळक अक्षरांत होतं. आम्हाला हवी होती ती माहिती बहुतेक नव्हतीच. तेव्हा बायकांनी कंपनीला फोन करून विचारायचे प्रश्न काढले. ते इथे मांडते.

गाडी किती तासांनी थांबणार आणि कुठे? ताम्हिणी घाटातून कोकणात उतरताना चार-चार तास लघवी धरून बसणाऱ्या बायका पाणीच पीत नाहीत. मुंबईत २०११ पासून ‘राईट टू पी’ची मोहीम चालली ती याच मुद्द्यावर. थांब्यावर स्वच्छ संडास आहे, तिथे पाणी आहे आणि दाराला कडी आहे, एवढं कंपनीला सांगता आलं पाहिजे.

एका खोलीत किती माणसं? ‘तिघांत एक खोली, जादा गादी मिळेल’ असं छापलेलं असतं. आमच्यातली एक पटकन म्हणाली, ‘‘ती गादी कुणाची, मला ठाऊक आहे.’’ पलंगावर सासूबाई आणि मुलं, खाली गादीवर ती. दर विचारताना हेही विचारायचं आणि कुणी कुठे झोपायचं ते निघण्याआधी घरात बोलायचं.

कुटुंब म्हणजे कोण? बऱ्याच योजना नवरा, बायको, दोन मुलं असा हिशेब धरून केलेल्या असतात. टाकलेली बाई आणि तिची मुलगी, विधवा आई आणि मुलगा, दोघी बहिणी यांना एकटीच्या खोलीचा जादा आकार भरावा लागतो किंवा अनोळखी बाईबरोबर राहावं लागतं. कोणता पर्याय आहे आणि त्याचे किती पैसे, हे आधी स्पष्ट करून घ्यावं.

गाडीत काय चालतं? बसमध्ये माईक हातात आला की बायकोवरचे विनोद सुरू होतात. गाडीतल्या बायकाही ओशाळून हसतात. सहलप्रमुखाला हे आवरता येतं का? त्या जागी अनेक ठिकाणी तरुण मुली काम करतात. सहलीची बस हे त्या मुलीचं कामाचं ठिकाण आहे. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात कामानिमित्त जावं लागतं ती जागा आणि मालकाने दिलेली वाहतूकही कामाच्या ठिकाणात धरली आहे. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर कंपनीत अंतर्गत समिती हवी. ती आहे का, असं ग्राहक बाईने विचारलं तर कंपनीला ते मनावर घ्यावं लागेल.

आणि समुद्र. इथे मात्र दर, जेवण सगळं बाजूला ठेवावं. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरुडच्या किनाऱ्यावर पुण्याच्या कॉलेजच्या सहलीतले १४ विद्यार्थी बुडाले. त्यांत मुली जास्त होत्या. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ बोटीला नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसून १५ जण दगावले. अपघात घडायची कारणं वेगवेगळी. पण आपल्या मुलींना पोहायला शिकवायचं नाही, पाच वार साडी किंवा ओढणी सावरत त्यांनी पाण्यात उतरायचं आणि बोटीत लाईफ जॅकेट मागायला त्यांनीच लाजायचं, हे तर आपणच चालवून घेतो. प्रत्येक माणसाला, मुलांच्या मापाचंसुद्धा, जॅकेट मिळेल का? किनाऱ्यावर जीवरक्षक आहे का? भरती-ओहोटीची वेळ पाहून कार्यक्रम आखला आहे का? गणपतीपुळ्यासारख्या किनाऱ्यावर पाण्याला ओढ आहे, हे सहलप्रमुख आधी सांगणार का? आणखी एक साधी परीक्षा. दरवर्षी २६ मे ते ३१ ऑगस्ट या काळात किनाऱ्यावरची प्रवासी बोट आणि जलक्रीडा बंद असतात. जूनच्या सहलीत कुणी सिंधुदुर्ग किल्ल्याची बोट किंवा स्कूबा देऊ करत असेल, तर त्या कंपनीला तिथेच नमस्कार करावा.

आता पैशाचं. गाळ्यातलं कार्यालय, ओळखीचा माणूस, फोनवर पाठवलेली आगाऊ रक्कम आणि हातात काहीच कागद नाही, असं आपल्याकडे सर्रास होतं. आमच्या गटातल्या एकीला एका कंपनीने ठरलेल्या हॉटेलऐवजी भलत्याच ठिकाणी उतरवलं. तक्रार केली तर उत्तर मिळालं, ‘‘साहेबांना बोलायला सांगा.’’ पैसे तिने भरले होते, पावती मात्र नवऱ्याच्या नावावर होती. म्हणून जी पैसे भरते तिच्या नावाने पावती घ्यावी. हॉटेलची नावं, जेवणात काय मिळणार, कर धरून एकूण रक्कम, सहल रद्द झाली तर किती परत, हे सगळं लेखी घ्यावं. पुण्यात १९७४ साली बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायतीचं काम सुरू केलं, तेव्हापासून हे सांगितलं जातंय. आता कायदाही आपल्या सोयीचा झाला आहे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून लागू झाला. कंपनीचं कार्यालय मुंबईत असो की रत्नागिरीत, आपण राहतो किंवा काम करतो त्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. फोनवरून मदत हवी तर १९१५ हा क्रमांक आहे.

हे सगळं आपल्या बाजूचं झालं. समुद्राकाठी आपलं ताट वाढणारी बाईही आहे. ‘घरगुती जेवण’ या दोन शब्दांमागे गुहागर, दापोली, मालवणच्या घरांतली एखादी सून पहाटे चारपासून वीस माणसांची घावन-चटणी करत असते. पाटीवर नाव मालकाचं, बँकेतलं खातंही त्याचंच. आपल्या सुट्टीसाठी तिची सुट्टी खर्ची पडत असेल, तर आपण प्रश्न सोडवला नाही, तो घाट उतरून तिच्या दारात ठेवून आलो. दराची घासाघीस करताना हे लक्षात ठेवावं. अगदी स्वस्त सहलीत कुणाची तरी मजुरी कापलेली असते. ती स्वयंपाकीण असेल, नाहीतर रात्रभर गाडी चालवून सकाळी पुन्हा चाकावर बसणारा चालक असेल. चालक दोन आहेत का, हा प्रश्न तर आपल्याच जिवाचा आहे.

वेगळं काही करता येतं याचे दाखलेही आहेत. वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत ‘स्वामिनी’ बचत गटाच्या बायका २०१७ पासून पर्यटकांना होडीतून कांदळवनाची सफर घडवतात. होडी वल्हवतात त्या, माहिती सांगतात त्या आणि पैसेही त्यांच्या गटात येतात. २०२३ मध्ये राज्य सरकारने ‘आई’ नावाचं महिलांसाठीचं पर्यटन धोरण आणलं. त्यात पर्यटन व्यवसायातल्या बायकांना कर्जाच्या व्याजाचा परतावा आणि पर्यटन महामंडळाच्या निवासांत महिला पर्यटकांना ठरावीक दिवशी सवलत आहे. १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त बायकांना निम्मं भाडं आहे. कंपनी परवडत नसेल तर वल्लभनगर आगारातून कोकणात जाणारी गाडी, महामंडळाची खोली आणि बचत गटाचं जेवण अशी सहल चार-पाच कुटुंबांना मिळून आखता येईल. मात्र आखणीचं काम पुन्हा एकाच बाईच्या डोक्यावर नको. तिकिटं एकाने, खोल्या दुसऱ्याने, मुलांच्या पिशव्या बापांनी, असं आधीच वाटून घ्यायचं.

चार पत्रकांपैकी दोन कंपन्यांनी आमच्या प्रश्नांवर ‘मॅडम, एवढं कोणी विचारत नाही’ असं म्हणून फोन ठेवला. एकीने उत्तरं दिली, पण लेखी द्यायला नकार दिला. चौथीने दोन दिवसांनी सगळं लिहून पाठवलं. तिचा दर सर्वांत कमी नव्हता. गटाने तिची निवड केली आणि घरच्यांना दराबरोबर ते लेखी उत्तरही दाखवलं. एका घरात त्यावरून वाद झाला, ‘एवढे जादा कशाला?’ म्हणून. त्या बाईने शांतपणे चार दिवसांच्या स्वयंपाकाचा, भांड्यांचा हिशेब कागदावर मांडला आणि बाजारभावाने त्याची किंमत लिहिली. नवरा निमूट झाला की पटला, हे सहल झाल्यावर कळेल.

आपल्या प्रत्येक गटाने हे करून पाहावं. प्रश्नांची यादी वाचून दाखवावी, त्यात भर घालावी आणि आपल्या भागातल्या सहल कंपन्यांना एकत्रितपणे पत्र द्यावं. एकटीने विचारलं तर ‘मॅडम फार चौकशा करतात’ असं होतं, पन्नासजणींनी विचारलं तर पत्रक बदलावं लागतं. तुम्ही काढलेले प्रश्न आणि मिळालेली उत्तरं आम्हाला जरूर पाठवा, पुढच्या अंकात छापू. आणि सहलीला जाल तेव्हा एक संध्याकाळ तरी कुणाची पिशवी, चपला, मोबाईल न सांभाळता, रिकाम्या हातांनी समुद्रासमोर बसा.