तिसऱ्या रांगेत कोण बसणार? सात आसनी मोटारींच्या ऐसपैसपणाचा हिशेब

वस्तू व सेवा कराच्या रचनेत 22 सप्टेंबर 2025 पासून मोठा बदल झाला आणि मोठ्या मोटारींवरील उपकर संपुष्टात आला. त्यापूर्वी चार मीटरपेक्षा लांब, दीड हजार घनसेंटीमीटरपेक्षा मोठ्या इंजिनाच्या आणि जमिनीपासून 170 मिलीमीटर वा अधिक उंच असलेल्या एसयूव्हीवर 28 टक्के कर आणि 22 टक्के उपकर, म्हणजे एकूण 50 टक्के भार पडत असे. आता तो 40 टक्के आहे. किमती उतरल्याने सात आसनी मोटारींकडे वळलेल्या कुटुंबांचा विचार साहजिकच पैशांभोवती फिरत राहिला. ‘सात आसनी’ या शब्दांवर विश्वास ठेवून घेतलेल्या मोटारीत सात माणसे किती तास सुखाने बसू शकतील, हा प्रश्न मात्र त्या चर्चेत मागच्या रांगेतच राहिला.

भारतात या मोटारींना असलेली मागणी कुटुंबाच्या रचनेतून आलेली आहे. आईवडील, दोन मुले आणि आजीआजोबा अशी सहा माणसे गावी निघाली की पाच आसनांची मोटार अपुरी पडते. 1994 मध्ये आलेल्या टाटा सुमोने ही गरज ओळखली होती. तिच्या मागच्या भागात समोरासमोरची बाके असत आणि त्यावर कितीही माणसे ‘मावत’. 2000 मध्ये क्वालिस आणि 2005 मध्ये इनोव्हा आली. तेव्हापासून तिसरी रांग पुढे तोंड करून बसण्याची व्हावी, ही अपेक्षा रूढ होत गेली. नंतरच्या पिढीतील एसयूव्हींनी ती पूर्ण केली, पण अंशतःच.

ग्राहक सामान्यतः मोटारीची एकूण लांबी पाहतो. आतील जागेचा खरा निर्देशक मात्र पुढच्या व मागच्या चाकांच्या आसांमधील अंतर, म्हणजे व्हीलबेस हा आहे. 2021 मध्ये नव्या रूपात आलेल्या टाटा सफारीची लांबी 4661 मिलीमीटर आणि व्हीलबेस 2741 मिलीमीटर होता. मारुतीची तेव्हाची अर्टिगा 4395 मिलीमीटर लांब होती, म्हणजे सफारीहून तब्बल 266 मिलीमीटरने आखूड. तरीही तिचा व्हीलबेस 2740 मिलीमीटर, म्हणजे केवळ एका मिलीमीटरने कमी. 2022 मध्ये आलेल्या किया कॅरेन्सची लांबी 4540 मिलीमीटर असून व्हीलबेस 2780 मिलीमीटर आहे. आकाराने भारदस्त दिसणाऱ्या सफारीपेक्षा तो जास्त भरतो. एसयूव्हीचे उंच, रुंद बॉनेट आणि दणकट दर्शनी भाग यांवर खर्च होणारी लांबी प्रवाशांच्या वाट्याला येत नाही, हे या आकड्यांतून उघड होते. रुबाबाची किंमत गुडघे मोजतात, असे म्हटले तरी चालेल.

याचे सर्वांत बोलके उदाहरण एकाच कंपनीच्या दोन मोटारींत सापडते. टोयोटाची इनोव्हा क्रिस्टा 4735 मिलीमीटर लांब, तर 2022 च्या अखेरीस सादर झालेली इनोव्हा हायक्रॉस 4755 मिलीमीटर. फरक अवघा 20 मिलीमीटरचा. व्हीलबेस मात्र 2750 वरून 2850 मिलीमीटरवर गेला. क्रिस्टा शिडीसारख्या पोलादी सांगाड्यावर उभी असून तिची मागची चाके ढकलतात. इंजिनाची शक्ती मागे पोहोचवणारा दांडा मोटारीच्या पोटाखालून जातो आणि त्यासाठी तळ उंच ठेवावा लागतो. हायक्रॉसमध्ये सांगाडा व शरीर एकसंध असून पुढची चाके ओढतात. दांडा नसल्याने तळ खाली आणता येतो, आणि खाली आलेला तळ म्हणजे बसणाऱ्याच्या पायांना मिळालेली जागा होय.

बसण्याच्या सुखाचे मर्म नेमके येथे आहे. विक्रीच्या दालनात ग्राहक तिसऱ्या रांगेत पाच मिनिटे बसून पाहतो, डोके छताला लागत नाही आणि गुडघे पुढच्या आसनाला टेकत नाहीत याची खात्री करतो व समाधानाने उतरतो. परंतु दूरच्या प्रवासात थकवा येतो तो निराळ्या कारणाने. घरातील खुर्चीची बैठक जमिनीपासून साधारण 40 ते 45 सेंटीमीटर उंच असते. मोटारीच्या तिसऱ्या रांगेखाली मागचा आस, इंधनटाकीचा भाग, कधी जादा चाक अशा गोष्टी असल्याने तळ वर उचललेला असतो. छत मात्र तेथे मागे उतरत आलेले असते. परिणामी बैठक तळाला चिकटल्यासारखी होते. गुडघे वर येतात, मांड्या बैठकीवरून अधांतरी उचलल्या जातात आणि शरीराचा सारा भार कमरेखालच्या हाडांवर पडतो. त्यात ही जागा मागच्या चाकांच्या जवळजवळ वर असल्याने प्रत्येक खड्ड्याचा दणका तेथे अधिक जाणवतो. पहिल्या तासात काही वाटत नाही. चौथ्या तासाला सत्तरीच्या आजोबांची कंबर बोलू लागते. पुणे ते सावंतवाडी असो वा लखनौ ते दिल्ली, घरातला सर्वांत लहान किंवा सर्वांत सोशिक माणूस मागे बसवला जातो, त्यामागचे कारण हेच.

दुसऱ्या रांगेची रचना तिसरीचे भवितव्य ठरवते. कॅरेन्स आणि अर्टिगा यांत मधली रांग पुढेमागे सरकते, त्यामुळे उपलब्ध जागेची वाटणी बसणाऱ्यांना आपसांत करता येते. 2021 मध्ये आलेल्या महिंद्र एक्सयूव्ही 700 ची लांबी 4695 मिलीमीटर होती, पण तिची मधली रांग सरकत नव्हती. मागच्याला मिळेल तेवढ्यातच भागवावे लागे. येथे एक सावधगिरी आवश्यक ठरते. गुडघ्यांच्या जागेचे जे आकडे सांगितले जातात ते मधले आसन कोठे ठेवून मोजले, यावर अवलंबून असतात, आणि हे क्वचितच स्पष्ट केले जाते.

मधल्या रांगेत बाकाऐवजी दोन स्वतंत्र खुर्च्या, म्हणजे ‘कॅप्टन सीट’, घेण्याकडे कल आहे. दोघांमधून मागे जाण्यास वाट मिळते हा त्यांचा खरा लाभ. मात्र त्यामुळे सात आसने सहा होतात, आणि अधिक पैसे मोजून एक माणूस कमी करणारी ही निवड अनेकांच्या लक्षात उशिरा येते. ह्युंदाई अल्काझारच्या 2021 च्या आवृत्तीत तर या दोन खुर्च्यांमध्ये कप्पा बसवून ती वाटही बुजवली होती. लहान मुलांचे सुरक्षा आसन मधल्या रांगेत बसवले की अडचण वाढते. ते काढल्याखेरीज खालचे मुख्य आसन दुमडत नाही आणि आजीआजोबांचा मागचा मार्ग त्या बाजूने बंद होतो.

सामानाचा विचार केल्यास चित्र अधिक विदारक आहे. तिन्ही रांगा उभ्या असताना 2021 च्या सफारीत मागे 73 लिटर जागा उरत असे. विमानात सोबत नेता येणारी एक छोटी बॅग जवळपास 40 लिटरची असते, म्हणजे सात माणसांच्या वाट्याला अशा दोन बॅगाही धड येत नाहीत. चार मीटरच्या आत बसवलेल्या रेनॉ ट्रायबरमध्ये ही जागा 84 लिटर, अल्काझारमध्ये 180, अर्टिगात 209 आणि कॅरेन्समध्ये 216 लिटर आहे. हायक्रॉस 300 लिटरांसह यात पुढे आहे. उरलेले सामान छतावरच्या कॅरियरवर जाते. मोटारीचा गुरुत्वमध्य त्यामुळे वर सरकतो आणि घाटातल्या वळणांवर ते जाणवते.

करव्यवस्थेचाही या जागेवर अप्रत्यक्ष परिणाम होतो. चार मीटरपेक्षा कमी लांबी आणि बाराशे घनसेंटीमीटरपर्यंतचे पेट्रोल इंजिन असल्यास कर 18 टक्के. ट्रायबर या मर्यादेत बसते. अर्टिगा त्याहून थोडीच लांब, पण इंजिन 1462 घनसेंटीमीटरचे, म्हणून कर 40 टक्के. मोठ्या कुटुंबाला मोठी मोटार ही चैन नसून गरज असू शकते, याला या रेषेत स्थान नाही. करबचतीसाठी तीन रांगा चार मीटरमध्ये कोंबण्याचे प्रोत्साहन मात्र तिच्यातून मिळते.

अवघडलेपण सोसता येते. सुरक्षेचे तसे नाही. 4 सप्टेंबर 2022 रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्यासह मागच्या आसनावरील दोघांचा मृत्यू झाला. दोघांनीही पट्टा लावलेला नव्हता. ती मोटार तीन रांगांची नव्हती, पण मागे बसणाऱ्याच्या पट्ट्याचा विषय त्यानंतरच देशभर गांभीर्याने चर्चिला गेला. मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 ब नुसार पट्टा न लावल्यास एक हजार रुपये दंड आहे, आणि पुढे तोंड असलेल्या मागच्या आसनांनाही केंद्रीय नियम लागू आहे. तिसऱ्या रांगेला त्यातून सूट नाही.

त्या रांगेची आणखी एक बाजू आहे. तेथे बसणाऱ्याचे डोके मागच्या काचेपासून फार दूर नसते. समोरून धडक बसल्यास बॉनेटचा भाग चेपून आघात शोषतो. मागून ट्रक आदळल्यास चेपण्यासाठी उरते ती तीच 73 किंवा 84 लिटरांची जागा. 1 ऑक्टोबर 2023 पासून सुरू झालेल्या भारत एनकॅप या चाचणी कार्यक्रमात सफारीला पाच तारे मिळाले आणि ते जाहिरातींत ठळकपणे झळकले. या चाचणीतील समोरच्या धडकेत मोठ्या माणसांच्या प्रतिकृती पहिल्या रांगेत आणि मुलांच्या प्रतिकृती दुसऱ्या रांगेत बसवल्या जातात. तिसऱ्या रांगेतील आसने रिकामी असतात.