विश्लेषण : अंबरनाथच्या शिवमंदिराला ३०० मीटरचे कुंपण पुरेसे आहे का?

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूरच्या पट्ट्यात जुन्या चार मजली इमारतींच्या जागी टोलेजंग इमारती उभ्या राहत आहेत. घरांची गरज खरी आहे. मात्र अंबरनाथमध्ये या गर्दीतच सुमारे हजार वर्षांपूर्वीचे शिवमंदिर आहे. त्याच्या परिसराचे काय होणार, हे आताच ठरवावे लागेल.

मंदिराचे महत्त्व काय?

मंदिरातील शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ.स. १०६० हे वर्ष आणि शिलाहार राजा माम्वाणी याचे नाव आहे. काळ्या दगडातील हे मंदिर भूमिज शैलीत बांधलेले आहे. गर्भगृहात पायऱ्या उतरून जावे लागते आणि त्यावरचे शिखर आज आकाशाला उघडे आहे. शेजारून वालधुनी नदी वाहते. नदीचा काठ आणि वरचे मोकळे आकाश वगळून या वास्तूचा विचार करता येत नाही.

कायदा काय सांगतो?

मंदिर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या संरक्षणाखाली आहे. १९५८ च्या प्राचीन स्मारके कायद्यात २०१० मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामास मनाई आहे. त्यापुढील २०० मीटरमध्ये परवानगी लागते. प्रत्येक स्मारकासाठी स्वतंत्र उपविधी करण्याची तरतूदही याच दुरुस्तीत आहे.

मग उणीव कुठे?

कायदा अंतर मोजतो, नजर मोजत नाही. ३१० मीटरवर ७० मीटर उंचीची इमारत उभी राहिली, तर मंदिराजवळून ती १०० मीटरवरच्या सात मजली इमारतीएवढी उंच दिसेल. तरीही ३०० मीटरची अट तिला लागू होत नाही. राज्याची २०२० ची एकात्मिक विकास नियंत्रण नियमावली उंच बांधकामाला वाव देते. त्यामुळे हा धोका कागदोपत्री राहिलेला नाही.

रहिवाशांवर काय परिणाम?

निषिद्ध क्षेत्रात १६ जून १९९२ पूर्वीच्या घरांना दुरुस्तीची परवानगी मिळू शकते, पुनर्विकासाची नाही. म्हणजे मंदिरालगतच्या जीर्ण घराचा मालक अडकून पडतो आणि थोड्या अंतरावरचा विकासक टॉवर बांधतो. वारशाचा भार एकाने उचलायचा आणि त्याच्या शेजाराचा फायदा दुसऱ्याने घ्यायचा, ही व्यवस्था न्याय्य नाही. अशाने लोकांना मंदिर आपले न वाटता अडचण वाटू लागेल.

काय करायला हवे?

मंदिराकडे येणाऱ्या रस्त्यांवरून आणि नदीकाठावरून नजरेच्या रेषा आखून त्यानुसार उंचीची मर्यादा ठरवावी. गरज असेल तिथे ती ३०० मीटरपलीकडेही लागू करावी आणि शहराच्या विकास आराखड्यात नोंदवावी. लगतच्या घरमालकांना हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे टीडीआर देता येईल का, हे तपासावे. वालधुनीत मिसळणारे सांडपाणी रोखणे हाही याच कामाचा भाग असावा. हे नियम मराठीत, नकाशासह नगरपालिकेत लावले, तर घर घेणाऱ्यालाही व्यवहाराआधीच ते कळतील. मंदिराभोवतीचे मोकळे आकाश एकदा बांधले गेले, की कोणतेही सुशोभीकरण ते परत आणू शकणार नाही.