रानातले मांजर रानातच राहू द्या

माझ्या वर्गमित्रांनो व भित्तीपत्रक वाचायला थांबलेल्या पालकांनो,

मागच्या महिन्यात परिपाठाला गुरुजींनी स्कॉटलंडमधल्या रानमांजराची माहिती सांगितली. ते मांजर नाहीसे होत चालले आहे, असे ते म्हणाले. तेव्हा मागून कोणीतरी बोलले, "मांजरं काय कमी हायत व्हय? आमच्या आळीत या, पोतं भरून देतो!" सगळा वर्ग हसला. मीपण हसले. पण आपले हसणे चुकले, असे आता मला वाटते. का, ते सांगते.

आपल्या उसाच्या फडात दिसते त्या रानमांजराची जात निराळी. युरोपातले रानमांजर पट्टेरी बोक्यासारखे दिसते, पण अंगाने थोराड असते. शेपूट जाड, झुबकेदार, तिच्यावर काळी कडी आणि टोक काळे व बोथट. ते उंदीर, ससे खाऊन राहते. माणसाळत मात्र नाही.

पूर्वी ते सगळ्या ब्रिटनमध्ये होते. लोकांनी जंगले तोडली. जमीनदार शिकारीसाठी पाखरे राखत. त्यांच्या राखणदारांनी रानमांजरे मारली. इंग्लंड आणि वेल्समधून ती गेली, उरली फक्त स्कॉटलंडच्या डोंगरात. १९८८ साली त्यांना कायद्याने संरक्षण मिळाले. तरी २०१९ साली तज्ज्ञांनी सांगितले, की तिथली रानमांजरे आता स्वतःच्या बळावर टिकणार नाहीत.

कायदा झाला, मग ती कमी का झाली? एक मोठे कारण म्हणजे आपले घरचे मांजर! रानमांजरे थोडी उरली की त्यांना आपल्या जातीचा जोडीदार मिळत नाही. मग गावातल्या मोकाट मांजराशी जोडी जमते व पिल्ले मिश्र होतात. हे मी आजोबांना सांगितले. ते म्हणाले, "पोरी, बियाण्याचंबी तसंच. गावठी बाजरीच्या शेजारी दुसरी बाजरी लावली, की फुडच्या साली बी गावठी ऱ्हात न्हाई." मला एकदम समजले. मांजरे पोतेभर असली तरी रानमांजर संपू शकते.

यात बिचाऱ्या मांजराचा दोष नाही, पाळणाऱ्याचा आहे. म्हणून तिथे मोकाट मांजरांना पिल्ले होऊ नयेत यासाठी शस्त्रक्रिया करतात, लस टोचतात. २०२३ साली पिंजऱ्यात वाढवलेली १९ रानमांजरे केर्नगॉर्म्सच्या डोंगरात सोडली. २०२४ साली त्यांना रानात पिल्ले झाली!

पण नुसती मांजरे सोडून भागणार नाही, असे माझे मत आहे. त्यांना रान पाहिजे. जर्मनीत जंगलांचे तुकडे झाले आहेत. मधे शेते आणि मोठे रस्ते. रस्ता ओलांडताना रानमांजरे गाडीखाली मरतात. म्हणून तिथले लोक एका जंगलापासून दुसऱ्या जंगलापर्यंत झाडाझुडपांचे पट्टे लावतात. त्या आडोशाने मांजर जाते. रानमांजर आले का, हे बघायची युक्तीपण छान आहे. खडबडीत काठीला व्हॅलेरियन नावाच्या मुळीचा अर्क लावतात. त्या वासाने मांजर येऊन अंग घासते आणि काठीला केस चिकटतात. केस तपासून ते रानातले की घरचे, हे कळते.

कोणी म्हणेल, मांजरासाठी एवढा खटाटोप कशाला? त्याचे उत्तर मला माझ्या चुकीतून मिळाले. दोन वर्षांपूर्वी ऊसतोडीच्या वेळी मी फडातले रानमांजराचे पिल्लू उचलून घरी आणले. वाटी वाटी दूध पाजले. तिसऱ्या दिवशी ते मेले. आई म्हणाली, "त्याची आई रातभर हुडकत असंल गं." माझी माया त्याच्या उपयोगी पडली नाही. त्याला त्याची आई आणि त्याचे रान हवे होते.

स्कॉटलंड लांब आहे, पण फड जवळ आहे. यंदा तोडीत पिल्ले दिसली तर हात लावू नका, दगड मारू नका. लांब व्हा, म्हणजे आई येऊन नेईल. पालकांनो, तुम्हीही तोडकऱ्यांना एवढे सांगा, अशी माझी विनंती आहे.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी