एका लाथेचा संसार

इंग्रजी भाषेने एका लाथेवर केवढा संसार थाटला आहे हे पाहायचे असेल, तर कोणताही बरासा कोश घ्यावा आणि त्यात 'किक' हे क्रियापद काढून बसावे. मूळ अर्थ एका ओळीत आटोपतो : लाथ मारणे. त्यापुढे मात्र जी रांग लागते ती पाहून वाटते, की ह्या लोकांनी पाय झाडण्यातच आयुष्य काढले की काय!

ह्यांतल्या जुन्या लाथा जनावरांच्या आहेत. 'किक अगेन्स्ट द प्रिक्स' हा प्रयोग बायबलातून आला. नांगराच्या बैलाला मागून पराणी टोचली, की तो चिडून लाथ झाडतो आणि टोक आणखीच खोल रुततं. ज्याच्यापुढे आपले चालायचे नाही त्याच्याशी झगडून स्वतःलाच रक्तबंबाळ करून घेणे, हा त्याचा अर्थ. ग्रीक नाटककारांनाही हा बैल ठाऊक होता, आणि आपल्या शेतकऱ्याला तर तो कोणी समजावून सांगायलाच नको. 'किक ओव्हर द ट्रेसेस' म्हणणारा घोडा गाडीचा. ओढपट्ट्याच्या पलीकडे त्याने एक पाय टाकला, की गाडीवान हतबल. वडीलधाऱ्यांचा धाक झुगारणाऱ्या पोराला इंग्रज ह्या घोड्याच्या पंक्तीला बसवतो.

मग लाथ राजदरबारात शिरली. सन १६८४ मध्ये लॉर्ड रॉचेस्टर ह्यांना खजिन्यावरून हलवून त्याहून मानाच्या, पण कमी वजनाच्या जागी बसवण्यात आले. तेव्हा हॅलिफॅक्सच्या मार्क्विसने कोटी केली, की लाथ खाऊन जिना उतरलेले पुष्कळ पाहिले, पण लाथ खाऊन जिना चढलेला गृहस्थ हा पहिलाच. बिशप बर्नेटने ती आपल्या इतिहासात नोंदवली आणि 'किक्ड अपस्टेअर्स' भाषेत कायमचे राहिले. नको असलेल्या माणसाला बढती देऊन वाटेतून दूर करण्याची ही विद्या आपल्याकडेही कोणाला नवी नाही. आपल्याकडे तिला एवढे नेमके नाव नाही, इतकेच.

लंडनच्या गल्लीबोळांत ह्याच शब्दाने वेगळेच रंग दाखवले. तिथे 'किक' म्हणजे सहा पेन्सांचे नाणे. 'टू अँड अ किक' म्हणजे अडीच शिलिंग. 'किक्स' म्हणजे तुमान. आज अमेरिकेतली पोरे बुटांना 'किक्स' म्हणतात. तुमानीवरून बुटांपर्यंत, म्हणजे शब्द पायाला धरून राहिला खरा!

अमेरिकेत १९३४ साल मोठे गमतीचे गेले. त्या वर्षी कोल पोर्टरच्या 'एनिथिंग गोज' ह्या संगीतिकेतले 'आय गेट अ किक आउट ऑफ यू' हे गाणे गाजले. तिथे किक म्हणजे अंगावर उठणारी आनंदाची शिरशिरी. आणि त्याच वर्षी तिथल्या काँग्रेसने 'किकबॅक'विरुद्ध कायदा केला. सरकारी बांधकामावरच्या मजुराला मजुरी मोजून द्यायची आणि त्यातला काही भाग दमदाटीने परत काढून घ्यायचा, ही ती मागे फिरणारी लाथ. त्या एकाच वर्षी किक प्रेमिकेच्या ओठांवर होती आणि मजुराच्या पोटावरही होती. आपल्या वर्तमानपत्रांनी ह्यांतला दुसरा अर्थ तेवढा मन लावून शिकून घेतला.

मराठीने ह्या पसाऱ्यातून दोनच गोष्टी उचलल्या. एक स्कूटरची किक, जी मारावी लागते, आणि दुसरी चहाची किंवा त्याहून कडक द्रव्याची, जी 'बसते'. क्रियापदे आपली आहेत, ती अगदी चपखल लागली आहेत आणि त्यांना कोणी शुद्धिपत्र जोडू नये, असे माझे मत आहे.

आता उरली ती 'किक द बकेट'. अर्थ : मरणे. फ्रान्सिस ग्रोजने १७८५ मध्ये लंडनच्या हलक्या बोलीचा कोश छापला, त्यात ही नोंदलेली आहे. बकेट म्हणजे पाण्याची बादली नव्हे. कापलेले डुक्कर ज्या आडव्या लाकडाला मागच्या पायांनी टांगत, त्याला नॉर्फक परगण्यात 'बकेट' म्हणत. त्या लाकडावर बसलेले अखेरचे झटके, म्हणजे ही लाथ, असे पुष्कळ जाणकार मानतात.

माझा एक जुना विद्यार्थी, घराण्यातला पहिला पदवीधर, मुंबईला नोकरीला लागला. साहेबांचे वडील गेले. ह्याने मनापासून सांत्वनाचे पत्र लिहिले आणि साध्या शब्दांत लिहिणे कमीपणाचे वाटून वाक्प्रचारांच्या पुस्तकातून हीच बादली उचलली. साहेबांनी मोठेपणाने दुर्लक्ष केले, पण कचेरीने केले नाही. वर्षभर त्याला 'बकेट' हेच नाव पडले. दिवाळीच्या सुट्टीत माझ्याकडे आला तेव्हा डोळे भरून विचारत होता, "सर, अर्थ तर बरोबर होता ना?"

अर्थ बरोबरच होता. मी त्याला म्हटले, "अरे, आपल्याकडे 'वारले', 'देवाज्ञा झाली', 'खपला', 'गचकला' ह्या सगळ्यांचा अर्थ एकच आहे. पण साहेबांच्या वडिलांना तू मराठीत 'गचकले' म्हटले असतेस का?" तो चपापलाच. कोणता शब्द कोणत्या उंबऱ्याच्या आत न्यायचा, हे त्याला आजीने शिकवले होते, डोळे वटारून. इंग्रजीला त्याच्या घरात आजी नव्हती. चाळीस रुपयांचे एक मार्गदर्शक होते, आणि त्यात बादलीपुढे फक्त 'मरणे' एवढेच छापले होते. असली पुस्तके लिहिणारे आणि त्या पोराला वर्षभर हसणारे ह्यांच्यात अधिक दोषी कोण, हे मला अजून ठरवता आलेले नाही. हसणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या आज्याही मराठीच बोलत असणार.

परवा त्याचा फोन आला. आता तो ताकही फुंकून पितो. "सर, सोमवारी साहेबांनी 'किक-ऑफ' मीटिंग बोलावली आहे. हे कसले?"

"खुशाल जा," मी म्हटले, "ती फुटबॉलची आहे. चेंडूखेरीज कोणाला बसत नाही."